परड्यातली पाहुणी

कोल्हापुरात कोंबडीने वाट चुकायची झाली, तर निदान महिना तरी पाहून चुकावी. श्रावणात चुकली तर काळजी नाही. मार्गशीर्षातल्या एखाद्या गुरुवारी चुकली, तरी तिला थोडीफार आशा असते. परंतु आषाढात, त्यातही मंगळवारी, आणि तेही मंगळवार पेठेत जी कोंबडी उघड्यावर हिंडते, तिच्या धाडसाला काय म्हणावे?

परगावच्या वाचकांसाठी थोडा खुलासा केला पाहिजे. आषाढात पंचगंगेला नवे पाणी येते. आमच्याकडची तालीम मंडळे आणि गल्ल्यागल्ल्यांतली मंडळी हे पाणी पी-ढबाकाच्या तालावर वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर नेतात आणि त्र्यंबोली देवीला वाहतात. मंगळवार आणि शुक्रवार हे त्याचे वार. पाणी वाहून झाले, की घरोघर तांबडा आणि पांढरा रस्सा शिजतो. पुढे श्रावण येणार, महिनाभर वशाट बंद होणार, म्हणून ह्या दिवसांत जो तो पुढची बेगमी करून घेतो. अशा महिन्यात, ९ जुलै २०१९ च्या मंगळवारी, दुपारी चारच्या सुमारास एक कोंबडी आमच्या परड्याच्या भिंतीवर येऊन बसली.

आमचे घर आजोबांच्या वेळचे, कौलारू. मागे बारा पावलांचे परडे. त्यात एक पेरू, एक शेवगा, धुण्याचा दगड आणि कोपऱ्यात लाकडांची खोपी. न्हाणीचा बंब अजून लाकडावर तापतो, त्यामुळे खोपीत लाकडेही असतात आणि राखही असते. कोंबडीने भिंतीवरून हे सगळे नीट पाहून घेतले. मान एकदा ह्या बाजूला, एकदा त्या बाजूला. भाड्याने घर पाहायला आलेल्या बाईने नळाला पाणी किती वाजता येते ते विचारावे, तशी तिची मुद्रा होती. मग तिने खाली उडी मारली, शेवग्याच्या बुंध्याशी माती उकरली आणि कामाला लागली.

रंगाने ती काळसर तांबूस होती. मानेवर सोनेरी झाक, पाय पिवळेधमक, आणि उजव्या पायाच्या मधल्या बोटाचे नख अर्धे तुटलेले. हा शेवटचा तपशील आमच्या धाकटीने टिपला. ती त्या वेळी नऊ वर्षांची होती, आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या नजरेतून नख सुटत नाही.

संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीभर झाली. समोरचे काका खास चौकशीला आले आणि परड्याच्या दारात उभे राहून म्हणाले, "सव्वा-दीड किलो भरेल." कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या, "गावठी दिसतीया. पांढरा रस्सा काय होईल हिचा!" आमचा थोरला तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षात होता. त्याने आजीकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिले. पाट्यावर वाटण केव्हा घ्यायचे, एवढेच विचारायचे बाकी राहिले होते.

आमची आई त्या वेळी पंचाहत्तरीला आलेली. ती माजघरातून बाहेर आली, कोंबडीकडे पाहिले आणि म्हणाली, "हात लावायचा नाही. कुणाच्या नवसाची असली म्हणजे? आणि नवसाची नसली तरी कुणाची तरी आहेच की. कोंबडी काय झाडाला लागते?"

ह्यावर अपील नव्हते. आमच्या घरात सर्वोच्च न्यायालय माजघरात बसते.

रात्री ती पेरूच्या फांदीवर जाऊन बसली. पाऊस कोसळत होता. आमच्या सौभाग्यवतींनी तिच्यावर एक जुने पोते बांधले आणि "मला काही तिची माया नाही हं, पण भिजेल बिचारी" असे न विचारता सांगितले. दुसऱ्या दिवशी धाकटीने तिचे नाव 'आखाडी' ठेवून टाकले. त्याच रविवारी ताटात तांबडा रस्सा असताना तिने विचारले, "आजी, बाजारातली चालते, मग आखाडी का नाही चालत?" आम्ही सर्व जण रश्श्यात तोंडे घालून बसलो. आई म्हणाली, "जिला नाव ठेवलं, तिला खात नाहीत." उत्तर तर्काला धरून होते की नाही कोण जाणे, पण धाकटीचे समाधान झाले.

मालक शोधणे माझ्याकडे आले. आमच्या पेठांत प्रत्येक तालमीबाहेर एक फळा असतो. निधनवार्ता, पाणीपुरवठ्याची सूचना, कुस्तीचा निकाल, सगळे त्यावर. मी लिहिले : 'कोंबडी सापडली आहे. ओळख पटवून घेऊन जावी.' दोन दिवसांत तीन मालक आले. पहिल्याला रंग विचारला, तर तो म्हणाला, "पांढरी." दुसरा म्हणाला, "कोंबडीच्या रंगाची." तिसऱ्याने रंगाच्या भानगडीत न पडता सरळ वजन सांगितले. तिघांच्याही हातांत पिशवी होती. तिघांनाही चहा देऊन वाटेला लावले.

तेव्हा शेजारचे वकीलसाहेब भिंतीवरून डोकावले. निवृत्तीनंतर त्यांना पक्षकार मिळत नाहीत आणि कायदा स्वस्थ बसू देत नाही.

"तुम्ही ह्या कोंबडीचे मालक नाही, आणि आता तिऱ्हाईतही नाही," ते म्हणाले. "भारतीय करार अधिनियम, १८७२. कलम ७१. दुसऱ्याची वस्तू सापडली आणि ती आपण ताब्यात घेतली, की ठेव सांभाळणाऱ्याची जी जबाबदारी, ती आपली. साधारण शहाणा माणूस स्वतःच्या कोंबडीची जितकी काळजी घेईल, तितकी हिची घ्यायची."

"आणि दाण्यांचा खर्च?" मी विचारले.

"कलम १६८. मालक आला तर खर्च मिळेपर्यंत कोंबडी अडवून ठेवता येते. मात्र खर्चासाठी त्याच्यावर दावा लावता येत नाही."

सौभाग्यवती दळण निवडत ऐकत होत्या. "आणि हिनं अंडी घातली तर?"

वकीलसाहेबांना जणू ह्याच प्रश्नाची वाट होती. "कलम १६३. वेगळा करार नसेल, तर ठेवीत जी वाढ होईल, ती ज्याची ठेव त्याची. कायद्यातच गाईचे उदाहरण दिले आहे. एकाने दुसऱ्याकडे गाय ठेवली आणि ती व्याली, तर गाईबरोबर वासरूही परत करावे लागते."

"म्हणजे राखण आमची, तांदळाची कणी आमची, आणि अंडी त्याची?"

"वहिनी, १८७२ पासून हे असेच चालले आहे."

असो. कायदा काहीही म्हणो, आखाडीने आपला मुक्काम कायम केला. सकाळी फांदीवरून उतरावे, शेवग्याखाली किडे शोधावेत, दुपारी खोपीतल्या कोरड्या राखेत अंग घुसळून अंघोळ करावी, असा तिचा दिनक्रम. ही राखेची किंवा धुळीची अंघोळ कोंबड्यांना अन्नाइतकीच लागते. पिसांतले जादा तेल आणि उवा-पिसवा तीत निघून जातात. पावसाळ्यात कोल्हापुरात कोरडी धूळ मिळणार कुठून? तिने घर निवडले ते बंबाच्या राखेसाठी, असे आमच्या सौभाग्यवतींचे ठाम मत आहे.

शेजारची मांजरी पहिल्या दिवशी शेपटी फुगवून आली आणि नाकावर एक टोच घेऊन परत गेली. त्यानंतर दोघींची हद्द ठरली. ह्या 'टोचीच्या क्रमा'चा शोध शंभर वर्षांपूर्वी थॉर्लीफ श्येल्डरूप-एब्बे ह्या नॉर्वेजियन अभ्यासकाने लावला. लहानपणापासून घरच्या कोंबड्या न्याहाळून त्याने दाखवून दिले, की कळपात कोणी कोणाला टोचायचे ह्याची उतरंड पक्की असते. आमच्या परड्यात ही उतरंड अशी होती : आई, आखाडी, सौभाग्यवती, मांजरी, आणि शेवटी मी.

आणखी एक गोष्ट मला मागाहून वाचायला मिळाली. कोंबडी माणसाकडे आली कशी, ह्यावर २०२२ साली मोठे संशोधन प्रसिद्ध झाले. माणसाने रानात जाऊन रानकोंबडी पकडून आणली, असे आपण समजतो. अभ्यासकांचे म्हणणे निराळे. आग्नेय आशियात भातशेती सुरू झाली, धान्य साठू लागले, तशी झाडांवर राहणारी तांबडी रानकोंबडी त्या दाण्यांच्या लोभाने स्वतःच वस्तीपाशी आली आणि राहिली. पाळीव कोंबडीची खात्रीची सर्वांत जुनी हाडे थायलंडमधल्या बान नॉन वाट येथली, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. तेव्हा आखाडीने काही अजब केले नव्हते. तिच्या पणजीच्या पणजीने जे केले, तेच तिने आमच्या पेरूवर केले.

तिच्या पिवळ्या पायांची हकीकत तर आपल्या मुलखाला लागून आहे. तांबड्या रानकोंबड्याची कातडी पिवळी नसते. मग पाळीव कोंबड्यांत हा पिवळेपणा आला कुठून? २००८ साली स्वीडनमधल्या उप्सला विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की पिवळ्या कातडीचा गुण धूसर रानकोंबड्याकडून आला असला पाहिजे. हा धूसर रानकोंबडा भारतीय द्वीपकल्पाचा रहिवासी. आमच्या राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात पहाटे त्याची तुटक बांग आजही ऐकू येते. १९५८ साली अभयारण्य म्हणून जाहीर झालेले ते जंगल गव्यांसाठी प्रसिद्ध आहे. गवा पाहायला गेलेला माणूस रानकोंबड्याकडे लक्ष देत नाही, एवढेच. धाकटीला हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आखाडीचे पाय कोल्हापूरचे आहेत."

अशी पाहुणी फक्त आपल्याकडेच येते असेही नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात विल्यम ग्राइम्स नावाच्या गृहस्थांच्या परसात एका हिवाळ्यात अशीच एक काळी कोंबडी अवतरली. ती मांजरांबरोबर जेवू लागली, अंडी घालू लागली आणि एके दिवशी निरोप न घेता नाहीशी झाली. ग्राइम्स हे त्या वेळी 'न्यूयॉर्क टाइम्स'चे उपाहारगृहांवर लिहिणारे समीक्षक होते. खाण्यावर मत देणे हाच ज्यांचा पेशा, त्यांच्याच अंगणात कोंबडीने बिऱ्हाड करावे, ह्याची गंमत वाटून त्यांनी आधी लेख आणि मग २००२ साली एक छोटे पुस्तकच लिहिले. आमच्या आखाडीने निवडलेली पेठ पाहता, दोघींच्या स्वभावात फारसा फरक नसावा.

आषाढ संपत आला तरी अंड्याचा पत्ता नव्हता. रोज दुपारी ती खोपीत जाई आणि थोड्या वेळाने जग जिंकल्यासारखी ओरडत बाहेर येई. २७ जुलैला ती बाहेरच आली नाही. थोरल्याने विजेरी घेऊन लाकडांमागे पाहिले. फुटक्या पाटीत पिसे फुगवून आखाडी बसली होती, डोळे रागीट, आवाज घोगरा. आईने लांबूनच ऐकले आणि सांगितले, "खुडूक झाली."

एकदा ती दाणे टिपायला उठली तेव्हा मोजली, अकरा अंडी. वकीलसाहेबांनी "ही कलम १६३ खालची वाढ" म्हणून नोंद घेतली. मी मात्र निराश होतो. कोंबडा नाही, मग पिल्ले कुठली? पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझे अज्ञान हसतमुखाने दूर केले. कोंबडीच्या शरीरात नराचे बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहते. येण्याआधी ती कोंबड्याबरोबर असेल, तर पहिली काही अंडी फळतील, नंतरची फुकट जातील. अंडी वेगवेगळ्या दिवशी घातलेली असली, तरी कोंबडी बसेपर्यंत आतला जीव जवळजवळ थांबून असतो. ती बसली, की सगळ्यांचे एकवीस दिवस एकदम मोजायला लागायचे. आमच्याच शहरात शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तिथली यंत्रे साडेसदतीस अंशांची ऊब राखतात आणि अंडी ठराविक वेळाने फिरवतात. आखाडी तेच काम फुटक्या पाटीत करीत होती. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटे उठे, खाई, पाणी पिई आणि पळत परत जाई.

एकवीस दिवस म्हणजे १७ ऑगस्ट. धाकटीने कॅलेंडरवर खूण केली. परंतु मधल्या दिवसांत जे झाले, ते कोल्हापूरकर विसरणार नाहीत.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाऊस थांबेना. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट. ह्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शुक्रवार पेठेतले माझे मामा मंडळींसह आमच्याकडे आले, त्यांच्या मागोमाग त्यांचे शेजारीही आले. चार खोल्यांत सोळा माणसे. पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेल्याने गाड्या बंद. उपसा केंद्रे बुडाल्याने नळाला पाणी नाही. दूध नाही, भाजी नाही, पेट्रोल नाही. आकाशात हेलिकॉप्टरचा आवाज आणि घरात, "चिखली, आंबेवाडीच्या लोकांना बोटीनं काढत आहेत" ह्या बातम्या.

गॅस संपेल म्हणून आम्ही खोपीतल्या लाकडांवर चूल मांडली. रोज लाकडे कमी होत गेली आणि आखाडीची भिंत खाली येत गेली. आठव्या दिवशी तर ती उघडीच पडली. मामींनी पाटीकडे पाहून सहज म्हटले, "अंडी आहेत की घरात." लहान मुले दोन दिवस नुसत्या भातावर होती, त्यांचे बोलणे वावगे नव्हते. आई म्हणाली, "बारा दिवसांची उबवलेली आहेत, आता ती खायची राहिली नाहीत." मग तिने उरलेली शेवटची दहा-बारा लाकडे पाटीभोवती पुन्हा रचून ठेवली आणि चुलीसाठी माळ्यावरचा मोडका पाळणा काढून दिला. तो पाळणा माझा होता. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

१७ ऑगस्टला सकाळी पाटीतून चिवचिव ऐकू आली. दुपारपर्यंत पाच पिल्ले झाली, सहा अंडी तशीच राहिली. मामांच्या घरातला चिखल अजून निघायचा होता, पण सोळाच्या सोळा माणसे खोपीपुढे उभी राहून हसत होती. इतक्या दिवसांनी घरात कोणी हसले ते त्या दिवशी. पुढल्या आठवड्यात मी डॉक्टरांकडून पिल्लांच्या डोळ्यांत लासोटा लसीचा एकेक थेंब घालून आणला. मानमोडी रोग, ज्याला डॉक्टर राणीखेत म्हणतात, तो आला की खुराडेच्या खुराडे रिकामे करतो.

आणि मग ऑगस्टअखेरीस मावशी आल्या.

दारात साठीच्या घरातली एक बाई उभी होती. काष्ट्याचे लुगडे, पायांवर सुकलेला चिखल, हातात पिशवी नव्हती. "फळ्यावर कोंबडीचं लिवलंय म्हणं. नातवानं सांगितलं." फळ्यावर तोपर्यंत पुराच्या सूचना होत्या. पण तालमीत मदतीचे धान्य घ्यायला आलेल्या तिच्या नातवाला कोणीतरी जुनी गोष्ट सांगितली होती.

मी रंग विचारण्याआधीच ती म्हणाली, "काळी-तांबडी. उजव्या पायाचं मधलं नख मोडल्यालं. दारात चिमटलं हुतं."

धाकटीने माझा हात घट्ट धरला.

मावशी चिखलीच्या. आषाढात चार कोंबड्या पाटीत घालून शहरात विकायला आणल्या होत्या. पी-ढबाक सुरू झाले, एक बुजली आणि उडाली. तीन विकल्या, चौथीवर पाणी सोडले. घरी आणखी चौदा होत्या. त्यांना पुराने नेले. घराची एक भिंतही गेली. माणसे तेवढी बोटीत आली.

आईने त्यांना चहा दिला आणि बोलते केले. मावशींच्या तोंडून त्या दिवशी कोंबडीचा हिशेब ऐकला. दवाखाना निघाला की एक कोंबडी विकायची. पाहुणा आला की एक कापायची. वह्या-पुस्तकांना अंडी. एष्टीच्या भाड्यालाही अंडी. घरच्या पुरुषाला विचारावे न लागणारा पैसा तो एवढाच. पुराच्या मदतीचे केंद्राचे त्या वेळचे निकष मी नंतर पाहिले : कोंबडीला ५० रुपये, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त ५,००० रुपये. आषाढात गावठी कोंबडीचा शहरातला भाव ह्याच्या किती पट असतो, हे कोल्हापुरातल्या गृहिणीला सांगायला नको.

धाकटी मध्येच म्हणाली, "तिचं नाव आखाडी आहे."

मावशी हसल्या. "आम्ही न्हाई बा नाव ठेवत. नाव ठेवलं की इकाय जीवावर येतंया."

वकीलसाहेब भिंतीवर होतेच. त्यांनी हलक्या आवाजात मला आठवण दिली, "कोंबडी तिची. आणि कलम १६३ प्रमाणे पाचही पिल्ले तिची. तुम्हाला फार तर खर्च मागता येईल." खर्च मागण्याचे कोणाच्या मनात नव्हते. पण माझ्या मुलीचा चेहरा पाहून कायदा तोंडावर येईना.

आईने मात्र सरळ सांगितले, "अगं, सगळी घेऊन जा. तुझीच आहेत."

मावशींनी मान हलवली. "न्हाई आक्का. जनावर दुसऱ्याच्या दारात वाढलं, तर अर्धलीचा रिवाज हाय. जनावर माझं, पिल्लं निम्मी तुमची. सांभाळलं कुणी? फुकटचं मला नगं, आन् माझं मी सोडायची न्हाई."

आमच्या भागात शेळी, म्हैस, कोंबडी अर्धलीने सांभाळायला देण्याचा रिवाज जुना आहे. त्याला कागद नाही, कलम नाही. वकीलसाहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "वेगळा करार नसेल तर, असे शब्द कलमात आहेत. हा वेगळा करार झाला." कायदाही मावशींच्या बाजूने गेला.

अडचण उरली ती पाच पिल्लांची निम्मी करायची. अडीच आणि अडीच? मावशींनी धाकटीकडे पाहिले. "दोन माजी, दोन तुमची, पाचवं पोरीचं. तिनं नख वळखलं की."

पण पिल्ले आईच्या पंखाखालची. सहा-आठ आठवडे तरी त्यांना ऊब लागणार, आणि मावशींच्या घराला भिंत नव्हती. म्हणून ठरले, की सगळी दिवाळीपर्यंत आमच्याकडे राहतील. मग दर आठवड्याला मावशी येत, पिल्लांची मान-पाय तपासत आणि आईशी बोलत बसत. भिंत कुठवर आली, पंचनामा झाला की नाही, नातू शाळेत जातो की नाही, हे आम्हांला कळत गेले. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होते. त्याच्या आदल्या दिवशी मावशींनी आखाडीला आणि दोन तलंगांना पाटीत घातले. धाकटी रडली. सौभाग्यवती "माझ्या डोळ्यांत राख गेली" म्हणाल्या. आईने फराळाचा डबा दिला. तो मावशींनी घेतला, आणि रिकामा परत करायचा नाही म्हणून पुढच्या खेपेला त्यात चार अंडी घालून आणला.

आमची आई आता नाही. मावशींकडचा संसार पुढच्या वर्षी पंधरावर गेला. २०२१ च्या पुरात त्यांनी बोट यायच्या आधीच सगळ्या कोंबड्या रिक्षात घालून आमच्या परड्यात आणून सोडल्या. बारा पावलांच्या जागेत बावीस कोंबड्या आठवडाभर राहिल्या, आणि पाणी उतरल्यावर त्या वेळीही अर्धलीचा हिशेब काटेकोर झाला.

धाकटीच्या वाट्याचे पाचवे पिल्लू मात्र कोंबडा निघाले. डिसेंबरात त्याला कंठ फुटला आणि पहाटे चारला तो वकीलसाहेबांच्या खिडकीखाली बांग देऊ लागला. तीन दिवस त्यांनी सोसले. चौथ्या दिवशी भिंतीवरून डोकावून त्यांनी मला सांगितले, की ह्यासाठी दुसरा कायदा आहे, आणि तो ते आज दुपारी काढून वाचणार आहेत.